अमेरिकेचे वाद आणि मराठी माणसांचीं मतें

दुसऱ्याच्या घरांतील कलहावर मत देण्याची हौस माणसाला फार जुनी आहे. स्वतःच्या घरची गोष्ट निघाली म्हणजे जो मनुष्य चाचरत बोलतो, तोच शेजाऱ्याची गोष्ट निघतांच न्यायाधीशाच्या आसनावर जाऊन बसतो. असलें मत फुकट देतां येतें, आणि फुकटच्या वस्तूची जी योग्यता तीच त्याची योग्यता. परंतु इतिहासांत असेहि प्रसंग येतात, कीं दूर देशींच्या वादावर दिलेलें मत देणाऱ्याच्याच दारीं परत येऊन उभें राहतें आणि विचारतें, 'आतां तुझ्या घरचें काय?' या प्रश्नाला ज्यांनीं पाठ दाखविली नाहीं, त्यांचींच मतें पुढें टिकलीं. अमेरिकेंतील गुलामगिरी, वर्णभेद आणि स्त्रियांचे हक्क या तीन वादांवर गेल्या दीडशें वर्षांत मराठी माणसांनीं जीं मतें दिलीं, त्यांची हकीकत या दृष्टीनें पाहण्याजोगी आहे.

ही हकीकत पुण्यामुंबईंत सुरू होत नाहीं. ती वऱ्हाडच्या काळ्या मातींत सुरू होते. अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिवसा हें तालुक्याचें गांव लागतें. हा सारा मुलूख कापसाचा. याच तालुक्यांत वर्धा नदीच्या कांठीं कौंडण्यपूर आहे. लोकश्रद्धेप्रमाणें तें रुक्मिणीचें माहेर. रेल्वे येण्यापूर्वीं वऱ्हाडचा कापूस लमाणांच्या बैलांवर लादून मोठ्या कष्टानें गंगेकांठच्या मिर्झापूरच्या बाजारीं जाई. त्या काळच्या वऱ्हाडी कुणब्याला अमेरिका हें नांवहि ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. तरी त्याच्या शेताचा आणि अमेरिकेंतील गुलामांच्या शेताचा संबंध इंग्लंडांतील गिरण्यांनीं जोडून ठेवला होता.

लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकीं फार मोठा भाग अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांतून येत असे. १७९३ सालीं एली व्हिटने यानें सरकी वेगळी करण्याचें यंत्र काढलें आणि तेथील कापसाची लागवड झपाट्यानें वाढली. लागवडीबरोबर गुलामांची मागणीहि वाढली. १८६० च्या खानेसुमारींत त्या देशांत ३९ लाख ५३ हजारांहून अधिक गुलामांची नोंद झाली. १८६१ च्या एप्रिलांत उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील संस्थानांत युद्ध जुंपलें. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें कोंडलीं, आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसावांचून बंद पडूं लागल्या. तेव्हां सर्वांच्या दृष्टि हिंदुस्थानाकडे वळल्या.

वऱ्हाड १८५३ सालच्या तहानें निजामाकडून कंपनी सरकारच्या ताब्यांत आलें होतें. आतां त्याच्या कापसाला अकल्पित मोल आलें. मुंबईच्या पेढ्यांत सोन्याचा पूर लोटला, समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या, आणि त्यांचे शेअर घेण्यासाठीं शहाणीसुरतीं माणसेंहि वेडीं झालीं. १८६५ च्या एप्रिलांत अमेरिकेंतील युद्ध थांबलें. कापसाचे भाव कोसळले, आणि १ जुलै १८६५ या दिवशीं मुंबईच्या बाजारांत मोठमोठ्या घरांचीं दिवाळीं निघालीं. वऱ्हाड मात्र कापसाच्या वाटेवरून मागें फिरलें नाहीं. १८६७ सालीं मुंबईची रेल्वे वऱ्हाडांतून नागपूरला पोंचली. १८७० सालीं खामगांवच्या कापसासाठीं घातलेला फांटा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्तें सुरू झाला. परक्या बाजाराच्या तेजीमंदीशीं वऱ्हाडचें दैव कायमचें बांधलें गेलें, तें या काळांत.

या युद्धाविषयीं त्या वेळीं मुंबईच्या सट्टेवाल्यांचें मत काय असेल, हें निराळें सांगावयास नको. युद्ध लांबलें तर भाव चढे राहणार होते. परंतु त्याच वेळीं इंग्लंडांत एक वेगळें दृश्य दिसत होतें. कापूस नाहीं म्हणून उपाशी पडलेले मँचेस्टरचे मजूर ३१ डिसेंबर १८६२ रोजीं सभेस जमले, आणि गुलामांच्या मुक्तीसाठीं लढणाऱ्या पक्षास आमचा पाठिंबा आहे, असें त्यांनीं अध्यक्ष लिंकन यांस लिहून कळविलें. दुसऱ्याच दिवशीं, १ जानेवारी १८६३ रोजीं, लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा अंमलांत आला, आणि त्याच महिन्यांत त्यांनीं या मजुरांना आभाराचें पत्र लिहिलें. स्वतःच्या पोटाविरुद्ध दिलेलें मत तें हें. मताचें वजन करावयाचें झाल्यास हेंच माप घ्यावें लागतें: देणाऱ्यानें त्यासाठीं काय मोजलें?

मराठींत या मापाला उतरणारें पहिलें मोठें मत जोतीराव फुले यांचें. १८७३ सालीं त्यांचें 'गुलामगिरी' हें पुस्तक प्रसिद्ध झालें. तें त्यांनीं अमेरिकेंतील सदाचारी लोकांना अर्पण केलें. गुलामांच्या मुक्तीसाठीं त्या लोकांनीं जो निःस्वार्थ त्याग केला त्याचें कौतुक करून, आपले देशबांधव आपल्या शूद्र भावंडांना ब्राह्मणी दास्यांतून सोडविण्याच्या कामीं तोच कित्ता गिरवतील, अशी आशा त्यांनीं अर्पणपत्रिकेंत प्रकट केली. अमेरिकेची स्तुति करून ते थांबले नाहींत. ती स्तुति त्यांनीं स्वदेशावर लावलेल्या आरोपपत्राच्या माथ्यावर घातली. त्याच वर्षीं २४ सप्टेंबर रोजीं पुण्यास सत्यशोधक समाजाची स्थापना झाली.

फुले यांची ही दृष्टि एका दिवसांत आलेली नव्हती. १८४८ सालीं त्यांनीं पुण्यास मुलींची शाळा काढली, त्यापूर्वीं अहमदनगर येथील अमेरिकन मिशनची मुलींची शाळा त्यांनीं पाहिली होती. ती शाळा मिस फरार या अमेरिकन बाई चालवीत. टॉमस पेन या ग्रंथकाराचें मानवी हक्कांवरील पुस्तकहि त्यांनीं तरुणपणींच वाचलें होतें. म्हणजे अमेरिकेशीं त्यांचा परिचय होता तो ग्रंथांतून आणि शाळेच्या ओसरीवरून. प्रत्यक्ष अमेरिका त्यांनीं पाहिली नाहीं. म्हणून त्यांच्या मतांत एक उणीव राहिली, तीहि सांगितली पाहिजे. १८६५ च्या घटनादुरुस्तीनें गुलामगिरी कायद्यांतून गेली, पण समाजांतून गेली नाहीं. १८७७ सालीं उत्तरेचें उरलेलें सैन्य दक्षिणेंतून निघालें, आणि त्यानंतर कृष्णवर्णीयांचे हक्क एकामागून एक हिरावले गेले. १८९६ सालीं तर गोऱ्यांचे व काळ्यांचे डबे वेगळे ठेवणें योग्यच आहे, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयानें दिला. फुले यांनीं ज्या त्यागाला वंदन केलें तो खरा होता. पण तो अपुरा होता.

अमेरिकेच्या भूमीवर पाऊल ठेवून तिच्याविषयीं बोलण्याचा मान प्रथम आला तो एका तरुण मराठी स्त्रीकडे. आनंदीबाई जोशी यांचें लग्न नवव्या वर्षीं झालें. चौदाव्या वर्षीं झालेलें मूल योग्य औषधोपचार न मिळाल्यामुळें दहा दिवसांत गेलें. त्या दुःखांतून डॉक्टर होण्याचा निश्चय त्यांनीं केला. २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं श्रीरामपूरच्या कॉलेजांत भरलेल्या सभेंत आपण अमेरिकेस कां जातों, हें सांगतांना, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. त्या फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजांत शिकल्या आणि ११ मार्च १८८६ रोजीं एम्. डी. झाल्या. हें कॉलेज १८५० सालीं निघालें, याचें कारण असें कीं पुरुषांच्या वैद्यकीय कॉलेजांचे दरवाजे अमेरिकन स्त्रियांनाहि बहुधा बंदच होते. ज्या घरानें आनंदीबाईंना आसरा दिला, तें घरच मुळीं अमेरिकेच्या एका अन्यायांतून उभें राहिलें होतें.

त्यांचे पति गोपाळराव मागाहून अमेरिकेस गेले. त्यांचा मार्ग निराळा. त्यांनीं व्याख्यानें देऊन अमेरिकनांच्या चालीरीतींवर आणि मिशनऱ्यांवर कडक टीका केली. तींत तथ्य नव्हतें असें म्हणतां येणार नाहीं. हिंदुस्थानची निंदा ऐकून कान किटलेल्या माणसाला तसें बोलावेंसें वाटणें स्वाभाविक होतें. परंतु प्रत्युत्तर आणि मत यांत अंतर आहे. प्रत्युत्तरानें समोरचा गप्प होतो. घरांतील अंधार कमी होत नाहीं. आनंदीबाई मात्र कोल्हापूरच्या दवाखान्यांतील नेमणूक पत्करून स्वदेशीं आल्या, आणि काम सुरू करण्यापूर्वींच २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास निधन पावल्या. तेव्हां त्यांना बावीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं.

आनंदीबाईंच्या पदवीदानाच्या समारंभास पंडिता रमाबाई फिलाडेल्फियांत हजर होत्या. त्यासाठींच त्या इंग्लंडहून आल्या होत्या. पुढें त्या अडीच वर्षांहून अधिक काळ अमेरिकेंत राहिल्या. त्या खूप हिंडल्या, शाळा पाहिल्या, बालोद्यानाच्या पद्धतीचें शिक्षण घेतलें, आणि १८८८ च्या मार्चांत वॉशिंग्टन येथें भरलेल्या स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेंत त्या बोलल्या. परत आल्यावर १८८९ सालीं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हें त्यांचें मराठी पुस्तक मुंबईस प्रसिद्ध झालें. अमेरिकेच्या राज्यपद्धतीपासून घरगुती राहणीपर्यंत सारें त्यांत आहे.

या पुस्तकाचें वैशिष्ट्य असें, कीं त्यांत दोन डोळे उघडे आहेत. स्त्रियांचें शिक्षण, त्यांच्या संस्था, दारूबंदीची चळवळ यांची रमाबाई मनापासून वाखाणणी करतात. पण त्याच देशांत स्त्रीला पुरुषापेक्षां कमी वेतन मिळतें, बहुतेक ठिकाणीं मताचा अधिकार नाहीं, हेंहि त्या लिहितात. तो अधिकार वायोमिंग या प्रदेशानें १८६९ सालींच दिला होता. सबंध राष्ट्रास तो घटनेंत घालण्यास १९२० साल उजाडलें. कृष्णवर्णीयांविषयींचा तिरस्कार आणि मूळच्या रहिवाशांवरील अन्याय हेहि रमाबाईंच्या नजरेंतून सुटले नाहींत. फुले यांच्या मतांत जी उणीव होती ती येथें भरून निघाली.

आणि त्यांनीं मोल काय दिलें? बोस्टन येथें १८८७ सालीं त्यांच्या मदतीसाठीं मंडळी स्थापन झाली होती. त्या द्रव्यावर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस विधवांसाठीं शारदासदन उघडलें. चार वर्षांनीं धर्मांतराच्या प्रश्नावरून मोठें वादळ उठलें, आणि पुष्कळ पालकांनीं मुली काढून नेल्या. त्या वादांत दोन्हीं बाजूंस बोलण्यासारखें होतें. परंतु १८९६-९७ च्या दुष्काळांत रमाबाई स्वतः मध्यप्रांतांत गेल्या आणि शेंकडों निराधार मुलींना त्यांनीं आश्रय दिला, हें त्यांच्या विरोधकांनाहि नाकारतां येण्यासारखें नाहीं.

यानंतर अमेरिकेस गेलेल्या दोन मराठी विद्वानांनीं या विषयाची दिशाच पालटली. पहिले डॉक्टर श्रीधर व्यंकटेश केतकर. त्यांचें शालेय शिक्षण अमरावतीस झालें. १९०६ सालीं ते अमेरिकेस गेले आणि कॉर्नेल विद्यापीठांत शिकत असतांना, १९०९ सालीं, हिंदुस्थानांतील जातिसंस्थेच्या इतिहासावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. मराठी ज्ञानकोशाचे कर्ते म्हणून ते पुढें घराघरांत माहीत झाले. पण त्यांच्या विद्वत्तेचा आरंभ अमेरिकेंत बसून स्वदेशाच्या जातींचा शोध घेण्यांत आहे.

दुसरे डॉक्टर भीमराव आंबेडकर. बडोदें सरकारची शिष्यवृत्ति मिळून १९१३ सालीं ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाले. ९ मे १९१६ रोजीं तेथील एका अभ्यासवर्गांत त्यांनीं हिंदुस्थानांतील जातींवर निबंध वाचला. पूर्वीच्या पंडितांच्या व्याख्या तपासतांना केतकरांच्या ग्रंथाची त्यांनीं आदरानें, पण चिकित्सक बुद्धीनें दखल घेतली. त्याच निबंधांत त्यांनीं केतकरांचें एक भाकीत उद्धृत केलें आहे, कीं हिंदू लोक पृथ्वीच्या इतर भागांत जाऊन वसले तर जातिभेद हा साऱ्या जगाचा प्रश्न होऊन बसेल. अमरावतीच्या शाळेंत शिकलेल्या एका गृहस्थाचें हें वाक्य तेव्हां किती जणांनीं मनावर घेतलें असेल? पुढें शंभर वर्षांनीं त्याचा अर्थ कळावयाचा होता.

आंबेडकर परत आले, आणि १९२७ साल उजाडलें. मार्चांत महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. डिसेंबरांत तेथेंच मनुस्मृतीचें दहन झालें. या दोहोंच्या मध्यें, नोव्हेंबरांत, वऱ्हाडांतील अस्पृश्यांची परिषद अमरावतीस भरली व तिचे अध्यक्ष आंबेडकर होते. प्रश्न होता अंबादेवीच्या मंदिरांत प्रवेशाचा. या चळवळींत डॉक्टर पंजाबराव देशमुख यांनीं पुढाकार घेतला होता. कौंडण्यपूरची राजकन्या रुक्मिणी याच अंबेच्या दर्शनास आली आणि श्रीकृष्णानें तिचें येथूनच हरण केलें, अशी वऱ्हाडची श्रद्धा आहे. स्वतःच्या इच्छेनें वर निवडणाऱ्या, कुळाची आज्ञा मोडणाऱ्या कन्येला जिनें आशीर्वाद दिला, त्या देवीच्या पायरीवर वऱ्हाडच्याच कष्टकऱ्यांना मज्जाव होता. अमेरिकेंत काळ्यांना वेगळ्या डब्यांत बसवितात म्हणून हळहळणाऱ्या माणसास हा दरवाजा दिसत नसेल, तर त्याच्या हळहळीला काय म्हणावें? दुसऱ्याच्या डोळ्यांतील कुसळ आणि आपल्या डोळ्यांतील मुसळ ही म्हण आपल्या पूर्वजांनीं उगीच केलेली नाहीं.

याच्या उलट वागणुकीचे दोन दाखले त्याच दशकांतील आहेत. १९ फेब्रुवारी १९२३ रोजीं भगतसिंग ठिंड या पंजाबी गृहस्थाचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयांत निकालांत निघाला. नागरिकत्व केवळ गोऱ्यांना आणि आफ्रिकन वंशाच्या लोकांनाच मिळे. आपण उच्चवर्णीय आर्य म्हणून गोऱ्यांतच जमा होतों, आणि गोरे काळ्यांशीं सोयरीक करीत नाहींत तसे आपणहि खालच्या जातींशीं करीत नाहीं, असा युक्तिवाद त्यांच्या बाजूनें करण्यांत आला. न्यायालयानें तो फेटाळला. एका देशाच्या वर्णगर्वाची शिडी करून दुसऱ्या देशाच्या वर्णगर्वांत चढूं पाहण्याचा तो यत्न होता. शिडीहि गेली आणि माडीहि मिळाली नाहीं. पुढें १९२७ सालीं कॅथरिन मेयो या अमेरिकन बाईनें हिंदुस्थानच्या सामाजिक रूढींवर एकांगी आणि विषारी पुस्तक लिहिलें. त्यास लाला लजपतराय यांनीं १९२८ सालीं उत्तर दिलें, आणि अमेरिकेंत कृष्णवर्णीयांना जमावानें ठार मारण्याचे जे प्रकार घडत त्यांवर बोट ठेवलें. उत्तर खरें होतें आणि परतंत्र राष्ट्राच्या अभिमानासाठीं आवश्यकहि होतें. पण वाचकांपैकीं कित्येकांनीं त्यांतून सोयीचा बोध घेतला, कीं तुमचें घर घाण आहे तर आमचें झाडण्याची आम्हांस घाई नाहीं.

आंबेडकरांनीं तो बोध घेतला नाहीं. १९४६ सालीं त्यांनीं कृष्णवर्णीयांचे थोर पुढारी डू बॉइस यांस पत्र लिहिलें. अमेरिकेंतील कृष्णवर्णीय आणि हिंदुस्थानांतील अस्पृश्य यांच्या स्थितींत मोठें साम्य आहे, असें त्यांनीं त्यांत म्हटलें आणि संयुक्त राष्ट्रांकडे द्यावयाच्या त्यांच्या अर्जाची प्रत मागितली. डू बॉइस यांनीं सहानुभूतीचें उत्तर पाठविलें. येथें एका देशाचा अन्याय दुसऱ्या देशाच्या अन्यायाची ढाल झाला नाहीं. दोन्हीं अन्याय एकाच तागडींत घातले गेले. १९७२ सालीं मुंबईंत दलित पँथर ही संघटना निघाली, तिचें नांवसुद्धां अमेरिकेंतील कृष्णवर्णीय तरुणांच्या संघटनेवरून घेतलेलें होतें.

आतां केतकरांच्या भाकिताकडे वळावें. २१ फेब्रुवारी २०२३ रोजीं, म्हणजे ठिंड यांच्या निकालास शंभर वर्षें आणि दोन दिवस झाल्यावर, सिॲटल शहराच्या नगरमंडळानें जातीवरून होणाऱ्या भेदभावास कायद्यानें बंदी केली. असें करणारें तें अमेरिकेंतील पहिलें शहर. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा. त्याच वर्षीं कॅलिफोर्नियांतहि तसा कायदा विधिमंडळानें संमत केला. परंतु चालू कायद्यांतच तशी बंदी येते, असें कारण देऊन तेथील गव्हर्नरांनीं ऑक्टोबरांत त्यास संमति नाकारली. तेथील हिंदी कुटुंबांत यावर दोन तट पडले. असल्या कायद्यानें आमच्या साऱ्या समाजावर संशयाचा शिक्का बसतो, असें एक पक्ष म्हणतो; सोसणाऱ्याला दाद मागण्यास जागा हवी, असें दुसरा म्हणतो. पहिल्या पक्षाची भीति अगदींच निराधार म्हणतां येणार नाहीं. तथापि फुले, रमाबाई आणि आंबेडकर यांच्या मापानें पाहिलें तर उत्तर दुसऱ्या पक्षाकडेच झुकतें. कारण शिक्क्याची भीति ज्याला वाटते त्याला शिक्का पुसण्याचा उपाय स्वतःच्या हातीं आहे. सोसणाऱ्याच्या हातीं तो नाहीं.

आज वऱ्हाडांतील कित्येक घरांतील मुलें अमेरिकेंत नोकरीस आहेत. तिकडे रंगावरून कोणीं हिणविलें म्हणजे इकडे आईबापांचा जीव तळमळतो, आणि तो तळमळावाच. तळमळींतून अमेरिकेविषयीं जें मत निघेल तेंहि बहुधा खरेंच असेल. पण तें मत सांगून झाल्यावर, आपल्या गांवच्या पाणवठ्यावर, आपल्या पंगतींत आणि मुलामुलींचीं लग्नें ठरवितांना आपण कोणतें माप लावतों, हें त्याच आईबापांनीं त्याच संध्याकाळीं एकमेकांस विचारावयास हवें. जोतीरावांनीं १८७३ सालीं अमेरिकेला वंदन करून हाच प्रश्न घरच्यांना विचारला होता.